काकांची गिटार मिक्सरला जोडताना

माझे थोरले काका व्यापारी जहाजावर होते. सत्तरच्या दशकात त्यांनी यामाहाची एफजी मालिकेतली एक गिटार आणली. ती आता सांगलीत माझ्याकडे आहे. ही मालिका यामाहाने जपानमध्ये १९६६ साली सुरू केली. आमच्या गिटारच्या पोटातल्या लेबलवर तैवान छापलंय, म्हणजे ती नंतरची. पुढची फळी अखंड स्प्रूस लाकडाची नाही, पातळ थर चिकटवून केलेली आहे. त्यावरून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र तिच्या तिसऱ्या-चौथ्या तारेचा आवाज दुकानात हाताळलेल्या बऱ्याच नव्या गिटारींपेक्षा आवडतो. एवढ्या खटाटोपाचं कारण तेवढंच.

आमचा भावगीतांचा छोटा गट आहे. दोन गळे, पेटी, तबला आणि मी. गणपतीतले मंडप, शाळांची स्नेहसंमेलनं, कुणाची साठी-पंच्याहत्तरी असे कार्यक्रम असतात. गिटारसमोर माइक लावला की काय होतं ते अशा ठिकाणी वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तबल्याचा माइक हातभर अंतरावर, मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर, पायाशी, आणि गिटार ऐकू यावी म्हणून साउंडवाल्याने मिक्सरवर (सगळे माइक जिथे जोडतात त्या यंत्रावर) आवाज वाढवला की आधी शिट्टी वाजते, गिटार नंतर. शिवाय माइकपासून चार बोटंही हलायचं नाही. तेव्हा गिटारलाच पिकअप, म्हणजे तिचं कंपन विजेत बदलून वायरने मिक्सरकडे पाठवणारा भाग, बसवायचा हे ठरलं. खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये, आणि त्यात जॅक, वायर, मजुरी सगळं धरून.

पिकअप कोणता घ्यावा हे विचारलं की लोक लगेच कंपन्यांची नावं सांगतात. नव्या गिटारसाठी ते चालत असेल. जुन्या गिटारला आधी तपासावं लागतं, कारण पाच पर्यायांतले दोन-तीन तीच बाद करते. आमच्यापासून मिरज दहा किलोमीटरवर. दीडशेहून अधिक वर्षं तिथे सतारी आणि तंबोरे बनतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका कारागीर चाचांकडे मी गिटार घेऊन गेले. दुकानात पंढरपूरकडून आलेले भोपळे टांगलेले, खाली एका तंबोऱ्याची जवारी काढणं चाललेलं. चाचांनी गिटार उचलली, वाजवून बघितलीच नाही. डोळ्यासमोर आडवी धरून मानेवरून ब्रिजकडे, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या घोडीकडे, नजर टाकली आणि म्हणाले, "ताई, घोडी बघितली का हिची? घासून घासून काय ठेवलंय हिच्यात?"

गोष्ट अशी आहे. स्टीलच्या सहा तारा मिळून गिटारवर सत्तर किलोच्या आसपास ताण असतो. तो वर्षानुवर्षं राहिला की मान किंचित पुढे झुकते, ब्रिजमागची फळी थोडी फुगते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. मग कुणीतरी सॅडल, म्हणजे तारा ज्या हाडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवरून जातात ती, घासून खाली आणतं. पुन्हा काही वर्षांनी तेच. आमच्या गिटारचं सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम दोन मिलिमीटर उरलं होतं. एरवी ते तीन-चार असावं. आणि एवढं घासूनही बाराव्या पडद्यावर जाडी तार साडेतीन मिलिमीटर वर होती. यावरचा खरा उपाय मान सोडवून पुन्हा योग्य कोनात बसवणं. तो खर्च पिकअपच्या कितीतरी पट झाला असता, म्हणून तो विषय मी तिथेच सोडला.

या दोन मिलिमीटरनी पिकअपचा अर्धा प्रश्न सोडवला. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारींत पिकअप असतो तो सॅडलखालच्या खाचेत बसणारी पातळ पट्टी. ती पिएझो जातीची असते, म्हणजे दाब बदलला की वीज देणारी. हा गुण १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवून दिला होता. तारा सॅडलवरून तीव्र कोनात खाली वळल्या की ते पट्टीवर दाबून बसतं आणि सहाही तारांचा आवाज सारखा येतो. सॅडल बुटकं असेल तर हा कोन बोथट होतो, दाब कमी पडतो, आणि एखादी तार गायब तर एखादी अंगावर येणारी अशी गत होते. त्यात पट्टीची जाडी एक-दीड मिलिमीटर. तेवढं सॅडल खालून घासलं की खाचेत रुतायला फारसं काही उरत नाही, ते तारांच्या ओढीने पुढे कलतं. चाचांनी हे सगळं एका वाक्यात उडवून लावलं: "दाब नाही तर आवाज कुठनं येणार?"

ऑनलाइन हजार-बाराशे रुपयांना मिळणारी इक्वलायझरची (जाड-बारीक सूर कमी-जास्त करायची) पेटी याच जातीची. चार-पाच सरकत्या कळा, ट्यूनर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि सोबत सॅडलखालची पट्टी. स्वस्त आहे, सगळं एकात आहे, म्हणून तिचीच शिफारस सर्वांत जास्त होते. पण ती बसवायला गिटारच्या कुशीला आयताकृती भोक पाडावं लागतं. ते एकदा पाडलं की परत भरता येत नाही, आणि पेटी बिघडली तर त्याच मापाची दुसरी शोधत फिरायचं. नव्या सहा हजारांच्या गिटारला मी हे खुशाल केलं असतं. काकांच्या नाही.

दुसरा रस्ता चुंबकीय पिकअपचा. हा आवाजाच्या गोल भोकात आडवा बसतो, दोन स्क्रूंनी लाकडाला धरून राहतो. काही कापायचं नाही, पाडायचं नाही. बाहेर एक वायर लोंबते एवढंच. कोल्हापूरच्या एका मित्राने त्याचा पिकअप काही दिवस वापरायला दिला. फीडबॅकच्या, म्हणजे त्या शिट्टीच्या, बाबतीत हा गडी पक्का. मॉनिटरला टेकून वाजवलं तरी सहसा कुरकुरत नाही. ऑर्केस्ट्रात, ढोलकी आणि ड्रमसेटच्या मध्ये बसून वाजवणाऱ्याला मी डोळे मिटून हाच घ्यायला सांगेन.

पण त्याच्या दोन गोष्टी मला खटकल्या. चुंबकाला लोखंड, पोलाद, निकेल असलेच धातू कळतात. अकूस्टिक गिटारच्या जाड तारांवर कांस्याचं वेष्टन असतं आणि ते चुंबकाच्या दृष्टीने नसल्यातच जमा. आत असते ती पोलादाची बारीक गाभ्याची तारच त्याला ऐकू येते. पहिल्या दोन तारा मात्र उघड्या पोलादाच्या. परिणाम असा की अंतऱ्यात मी तार छेडत जायचे तेव्हा दुसरी तार सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसायची. महागड्या पिकअपांत याचा तोल सांभाळलेला असतो, काहींत खाली-वर करता येणारे स्क्रू असतात. निकेल वेष्टनाच्या तारा लावूनही सुधारणा होते, पण मग नुसत्या गिटारचा आवाज बदलतो. (नायलॉनच्या तारांच्या गिटारला हा पिकअप अजिबात चालत नाही, हे विकणारे सांगतातच असं नाही.) दुसरी गोष्ट जास्त मूलभूत. हा पिकअप तारेचं कंपन ऐकतो. लाकडाचा त्यात वाटा थोडा. आवाज गोड होता, पण थोडा इलेक्ट्रिककडे झुकलेला आणि कुठल्याही गिटारचा असता तसा. मला जी तिसरी-चौथी तार आवडते ती स्पीकरमध्ये आलीच नाही. मग काकांची गिटार मांडीवर घ्यायची कशाला?

राहिला तिसरा प्रकार. पिएझोच्याच चकत्या, पण सॅडलखाली न ठेवता गिटारच्या आतून, ब्रिजच्या खाली जी लाकडाची पट्टी असते तिला चिकटवायच्या. त्या लाकडाचं हलणं टिपतात. सॅडलला हात लावायचा नाही, बुटका असो की उंच. के अँड के कंपनीचा प्युअर मिनी हा या प्रकारातला नावाजलेला संच, तीन चकत्या आणि बॅटरीची गरज नाही. पण तो मागवायचा तर माझं सगळं बजेट एका पाकिटात संपून वर उधारी झाली असती. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बझरमध्ये वापरतात तसल्या पितळी चकत्या दहा-वीस रुपयांना मिळतात. तत्त्व तेच. फरक असतो तो निवडीत, जोडणीत आणि वायरच्या आवरणात. वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माझा मामेभाऊ म्हणाला, "ताई, मूठभर आणतो. जमलं तर जमलं, नाहीतर घराला बेल बसवू."

त्याने २७ मिलिमीटर व्यासाच्या, आधीच वायर जोडलेल्या चकत्या आणल्या. हे महत्त्वाचं, कारण चकतीच्या पांढऱ्या सिरॅमिक बाजूला वायर सोल्डर करताना जरा जास्त वेळ तापवलं तर ती मरते. चिकटवण्याआधी जागा शोधायची होती. भिंतीला पोस्टर लावायची जी मऊ निळी पुट्टी मिळते तिने एक चकती फळीवर बाहेरून लावायची, वाजवायचं, ध्वनिमुद्रण ऐकायचं, काढून दुसरीकडे लावायची. हा उद्योग मला फार आवडला. पुट्टीने वरचे सूर थोडे दबतात, तरी जागांमधला फरक स्वच्छ कळतो. ब्रिजपासून दूर, फळीच्या रुंद भागावर आवाज घुमणारा आणि गढूळ. भोकाच्या कडेला पोकळ. ब्रिजच्या बारीक तारांच्या बाजूला टोकदार, जाड तारांच्या बाजूला गोल पण आळशी. ब्रिजच्या अगदी जवळ आलं की तार आणि लाकूड दोन्ही ऐकू येऊ लागतात. एका चकतीत सहा तारांचा तोल जमेना, म्हणून तीन: पहिल्या-दुसऱ्या, तिसऱ्या-चौथ्या आणि पाचव्या-सहाव्या तारांच्या मध्ये, सॅडलच्या रेषेच्या बरोबर खाली.

याच काळात एक भलताच प्रश्न उभा राहिला. घरी ध्वनिमुद्रणाच्या छोट्या यंत्राला, गिटारसाठी असलेल्या खाचेत जोडलं की आवाज छान. तीच चकती गटाच्या मिक्सरला लावली की रेडिओ पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा. बऱ्याच जणांचा "स्वस्त पिएझो भंगार असतो" हा अनुभव इथेच तयार होत असावा असं माझं मत आहे. भावाने कागदावर हिशोब मांडला तो इथे देते, कारण या सगळ्या खरेदीत त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला मिळालं नाही.

पिएझो चकती विजेच्या दृष्टीने एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असते. २७ मिलिमीटरच्या चकतीची धारिता, म्हणजे साठवायची क्षमता, साधारण २० नॅनोफॅरड. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटचा रोध असतो १० किलोओहमच्या आसपास. हे दोन जोडले की एक गाळणी तयार होते आणि साधारण ८०० हर्ट्झच्या खालचे सूर गळायला लागतात. आता गिटारची सर्वांत जाडी मोकळी तार ८२ हर्ट्झची आणि सर्वांत बारीक ३३०ची. म्हणजे सहाही मोकळ्या तारांचा मूळ स्वर कापला जातो, उरतो फक्त वरचा किणकिणाट! तोच रोध १ मेगाओहम असेल तर ही सीमा ८ हर्ट्झवर जाते, कानाच्याही खाली. चकत्या तीन घेऊन समांतर जोडल्या तर धारिता ६० नॅनोफॅरड होते, आणि १० किलोओहमलाही सीमा २६५ हर्ट्झवर येते. सुधारणा आहे, पण पुरेशी नाही. मधे काहीतरी हवंच.

थोडक्यात, पाच हजारांतले बहुतेक पैसे पिकअपमध्ये घालण्यात अर्थ नव्हता. ते मधल्या डबीत घालायला हवे होते. काही मिक्सरवर एखाद्या चॅनेलला गिटारसाठी वेगळी कळ असते, ती दाबली की काम होतं. पण मंडपात कोणता मिक्सर येईल यावर कोण विसंबणार? अॅक्टिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सरच्या मधे लावायची, विजेवर चालणारी तयार डबी, घेतला तरी चालतो, त्याचा इनपुट रोध मेगाओहमच्या घरात असतो. आमच्या घरात कारागीर फुकट होता, म्हणून त्याने टीएल०७२ ही जुनी, कुठेही मिळणारी चिप घेऊन छोटं सर्किट केलं. चिपमध्ये दोन अॅम्प्लिफायर असतात. पहिला नुसता रोध बदलायला, दुसरा थोडा जोर आणि टोन द्यायला. नऊ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण तीन मिलिअँपिअर घेते, म्हणजे चांगल्या अल्कलाइन बॅटरीवर दीडशे तास सहज. डबी पत्र्याची घेतली आणि पत्रा ग्राउंडला जोडला. प्लॅस्टिकची घेतली असती तर मंडपातल्या लायटिंगच्या माळांची गुणगुण थेट गाण्यात आली असती.

बसवायच्या दिवशी पुन्हा मिरज. मागच्या टोकाला पट्ट्याचं बटण असतं, त्या भोकातूनच जॅक बाहेर काढायचा होता. पण जॅकला १२ मिलिमीटरचं भोक लागतं, बटणाचं त्याच्या निम्मं. मी ड्रिलची भाषा काढली तसे चाचा दचकले. जुन्या पॉलिशवर ड्रिलचं पातं धरलं की कडेचे टवके उडतात. त्यांनी भोवती कागदी चिकटपट्टी लावली आणि खुंट्यांची भोकं मोठी करायचा हाताने फिरवायचा शंकूसारखा रीमर घेतला. दोन फेरे फिरवायचे, भुसा फुंकायचा, जॅक लावून बघायचा. मधेच एका सतारीचं गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी गप्पा झाल्या, चहा झाला, मग पुन्हा दोन फेरे. भोक असं निघालं की कारखान्यातून आल्यासारखं. सतारींनाही ते आतून असेच पिकअप लावून देतात. त्यामुळे चकत्यांबद्दल त्यांना काही नवल वाटलं नाही. फक्त वायर त्यांनी नाकारली. साधी दोन पदरी वायर मी नेली होती, ती बाजूला ठेवून त्यांनी जाळीच्या आवरणाची पातळ वायर काढून दिली. "ही लावा. नाहीतर स्टेजवर फ्रीज लावल्यावाणी आवाज येतोय."

चकत्या चिकटवायचं काम मात्र माझ्याकडे आलं, कारण दहा सेंटिमीटरच्या भोकातून चाचांचा हात जाईना. बांगड्या काढल्या, तारा उतरवलेल्याच होत्या, आरसा आत ठेवला आणि मोबाइलचा दिवा. ब्रिजखालची पट्टी आधी कोरड्या कापडाने पुसली. काकांच्या काळापासूनची धूळ होती. दुहेरी चिकटपट्टी लावावी असं मला वाटत होतं, म्हणजे काढता आली असती. पण तिचा फोमचा थर वरचे सूर शोषतो, हे पुट्टीच्या प्रयोगात दिसलंच होतं. म्हणून जेलसारखा घट्ट सुपरग्लू. पातळ सुपरग्लू उलट्या फळीवरून ओघळून बोटावर येतो. प्रत्येक चकती बोटाच्या टोकावर घेऊन, जागेवर दाबून, मनात शंभर मोजायचे. तिन्हींच्या वायरी सारख्याच बाजूने जोडल्या आहेत ना, हे भावाने आदल्या दिवशीच तपासून ठेवलं होतं. एक जरी उलटी लागली तरी ती बाकीच्यांचा आवाज खाते. जॅक आतून भोकाबाहेर आणायला मत्स्यालयाची बारीक प्लॅस्टिक नळी बाहेरून आत सोडली, तिच्या टोकात जॅक खोचला आणि ओढला. ही युक्ती माझी नाही, पण ज्याने काढली त्याचं भलं होवो.

आवाजाबद्दल सांगायचं तर तिसरी-चौथी तार आली. लाकूड आलं. त्याबरोबर लाकडावर होणारं सगळंच आलं. बाही घासली, अंगठी लागली, पट्ट्याचं बकल आपटलं, ते सगळं स्पीकरमध्ये. मनगट फळीवर टेकवून ताल धरायची माझी जुनी सवय आता ऐकू येते. गाणाऱ्यांना ती आवडली म्हणून मी मोडली नाही.

फीडबॅक पूर्ण गेला नाही, आणि या प्रकारात तो जाणारही नाही. एवढ्या पोटाच्या गिटारची हवा १०० हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमते, मॉनिटर तिथेच तिला पकडतो. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापलं आणि २००च्या आसपास थोडं उतरवलं की बराच निवळतो. तरीही मोठ्या मंडपासाठी फोमच्या जाड शीटमधून भोकाच्या मापाचं झाकण कापून घेतलंय. ते लावलं की गिटार नुसती ऐकताना दबलेली वाटते, पण तेव्हा तिला नुसती ऐकतंय कोण.

खर्च दोन हजारांच्या आत राहिला. त्यात जॅक, वायर, डबीचं सामान आणि चाचांची मजुरी, जी ते घेत नव्हते आणि मी बळेच दिली. उरलेल्यातून एक जुना पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणारा, डीआय बॉक्स घेतला. स्टेजवरून मिक्सरपर्यंत लांब केबल असेल तर डबीनंतर तो लावते. तारा बारा नंबरच्या काढून थोड्या बारीक, अकराच्या लावल्या, म्हणजे मानेवरचा ताण तेवढाच कमी.

मिक्सरवर काय करायचं ते एका कार्डावर लिहून मी केसच्या झाकणात चिकटवलंय: लाइन इनपुट, १००खाली काट, २००ला थोडं कमी, मॉनिटरमध्ये बेताने. तासगावच्या एका कार्यक्रमात साउंडवाल्या पोराने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "मॅडम, गिटारला पण पथ्य असतंय व्हय?" असतंय म्हटलं. त्याने ते इमानदारीने पाळलं, आणि त्या रात्री शिट्टी वाजली ती फक्त पेटीच्या माइकची.